डोंगरमाथा सोडून शिवारातून गेलेली सीमा: फ्रेंच सेर्दान्या आणि लिव्हिया

विचारलेला प्रश्न असा आहे: फ्रान्स आणि स्पेन यांची सीमा पिरेनीज पर्वताच्या माथ्यावरून जाते असे भूगोलात शिकवले जाते, तर मग पूर्व पिरेनीजमध्ये लिव्हिया नावाचे स्पॅनिश गाव चारही बाजूंनी फ्रान्सच्या भूमीने वेढलेले का आहे, आणि त्याच्या भोवतालचा फ्रेंच ग्रामीण मुलूख नेमका कसा आहे? हद्दी आणि हद्दमोजणी हा माझ्या कामाचा विषय असून हा भाग मी नकाशे हातात घेऊन पायी पाहिला आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

थोडक्यात उत्तर द्यायचे तर, 1659 च्या तहात सीमा डोंगरावरून जाईल असे लिहिले गेले, पण पुढच्या वर्षी प्रत्यक्ष वाटणी झाली ती गावे मोजून. तेहतीस गावे फ्रान्सला मिळाली. लिव्हियाला नगराचा दर्जा होता, म्हणून ते त्या मोजणीत आले नाही आणि स्पेनकडेच राहिले. हे सगळे कसे घडले ते कळण्यासाठी मात्र आधी जमीन आणि पाणी पाहावे लागते.

सेर्दान्या हे पूर्व पिरेनीजमधले एक रुंद, उंचावरचे खोरे आहे. भूकवचातील भेगांच्या हालचालींमुळे मधला भाग खचला आणि दोन्ही बाजूंचे डोंगर उंच राहिले, त्यामुळे समुद्रसपाटीपासून साधारण 1,000 ते 1,300 मीटर उंचीवर हे सपाट शिवार तयार झाले. उत्तरेला 2,921 मीटर उंचीचे कार्लित शिखर आहे आणि दक्षिणेला 2,910 मीटर उंचीचे पुइगमाल. पिरेनीजमधल्या बहुतेक दऱ्या उत्तर-दक्षिण धावतात आणि अरुंद असतात. सेर्दान्या मात्र ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे पसरलेले आहे, म्हणून त्याच्या उत्तरेकडच्या, दक्षिणाभिमुख उतारावर दिवसभर ऊन असते. जुनी गावे बहुतेक करून त्याच उतारावर वसलेली दिसतात, आणि समोरच्या सावलीच्या बाजूला जंगल उतरत आलेले दिसते. खाली तळाशी ग्रॅनाइटच्या दगडी गडग्यांनी आखलेली कुरणे, पाटांच्या कडेने ॲश वृक्षांच्या रांगा आणि गाईगुरे असे या मुलखाचे रूप आहे. पूर्वी इथे राय हे धान्य मोठ्या प्रमाणावर पिकत असे.

आता पाण्याकडे पाहू, कारण खरी गोष्ट तिथे आहे. कार्लितच्या परिसरातून पाणी चार दिशांना जाते. तेत नदी पूर्वेकडे वळून कोंफ्लांच्या दरीतून पेर्पिन्यांमार्गे भूमध्य समुद्राला मिळते. ओद नदी उत्तरेकडे कापसीरच्या थंड पठारावरून कार्कासोनकडे जाते. वायव्येला प्युमोरां खिंडीपलीकडे आरिएज नदीचे खोरे लागते, ज्याचे पाणी शेवटी अटलांटिकला जाते. उरलेले सगळे, म्हणजे कारोल आणि आंगुस्त्रीन या प्रवाहांचे पाणी, दक्षिणेला सेग्रे नदीत उतरते. सेग्रे स्वतः फ्रान्समध्ये ल्यो गावाच्या वरच्या डोंगरात उगम पावते, लिव्हियाच्या शिवारातून वाहते, पुन्हा फ्रान्सच्या हद्दीत येते आणि मग स्पेनमध्ये शिरून एब्रो नदीला मिळते. याचा अर्थ सरळ आहे: पाणलोटाच्या हिशेबाने फ्रेंच सेर्दान्या पिरेनीजच्या स्पॅनिश उतारावर आहे. भूमध्य समुद्राकडे जाणारे तेतचे पाणी आणि एब्रोकडे जाणारे सेग्रेचे पाणी यांना वेगळे करणारा जलविभाजक ला पेर्श नावाच्या 1,579 मीटर उंचीच्या खिंडीवर आहे, आणि ही खिंड पूर्णपणे फ्रान्समध्ये आहे. ती इतकी सौम्य आहे की गाडीतून जाणाऱ्याला आपण एवढ्या मोठ्या पर्वतरांगेचा जलविभाजक ओलांडला हे जाणवतही नाही. ‘नैसर्गिक सीमा’ ही कल्पना इथे टिकत नाही, आणि ज्यांनी ती 1659 मध्ये मांडली त्यांनाही हे लवकरच कळून चुकले.

7 नोव्हेंबर 1659 रोजी पिरेनीजच्या पश्चिम टोकाला, बिदासोआ नदीतल्या फेझंट बेटावर, फ्रान्सच्या वतीने कार्डिनल माझारें आणि स्पेनच्या वतीने डॉन लुइस दे हारो यांनी तह केला. त्याच्या 42 व्या कलमात म्हटले होते की प्राचीन काळी गॉल आणि स्पेन यांना वेगळे करणारे पिरेनीजचे डोंगरच यापुढे दोन राज्यांची हद्द असतील. रूसियों, कोंफ्लां, वायेस्पीर आणि कापसीर हे कातालान भाषिक मुलूख फ्रान्सकडे गेले. सेर्दान्याचे काय करायचे हे मात्र ठरले नाही, कारण हे खोरे त्या डोंगरांच्या अलीकडे की पलीकडे यावर एकमत होईना.

1660 च्या वसंतात सेरे या गावी दोन्ही बाजूंचे आयुक्त बसले. फ्रान्सच्या बाजूने पिएर द मार्का हे विद्वान आर्चबिशप आणि ओरांजचे बिशप यासिंत सेरोनी होते. स्पेनच्या बाजूने मिकेल साल्बा आणि जोसेप रोमेऊ दे फेरेर हे होते. वाद झाला तो ग्रीक आणि रोमन भूगोलकारांच्या वचनांवरून आणि बिशपांच्या धर्मप्रांतांच्या जुन्या हद्दींवरून. डोंगर कुठे आहे हे ठरवण्यासाठी डोंगराकडे न पाहता पोथ्या उघडाव्या लागल्या, यातच त्या कलमाचे दुबळेपण दिसते. ही बोलणी फसली. अखेर 31 मे 1660 रोजी माझारें आणि हारो यांनी व्यवहारी तोडगा काढला: सेर्दान्या स्पेनकडे राहील, पण कारोलची दरी, आणि त्या दरीला कापसीर व कोंफ्लांशी जोडण्यासाठी लागतील तेवढी गावे, अशी मिळून 33 गावे फ्रान्सला द्यावीत.

कारोलच्या दरीचा आग्रह का, हे नकाशावर लगेच उमगते. फ्रान्सच्या ताब्यातील फ्वा प्रांतातून प्युमोरां खिंड उतरले की माणूस थेट कारोलच्या दरीत येतो, आणि तिथून ला पेर्श खिंडीमार्गे पेर्पिन्यांपर्यंत वाट मिळते. फ्रान्सला खोरे हवे होते त्यापेक्षा ही वाट हवी होती. म्हणूनच फ्रेंच सेर्दान्याचा आकार खोऱ्याच्या उत्तर आणि पूर्व कडेला चिकटलेल्या पट्ट्यासारखा आहे, तर खोऱ्याची जुनी राजधानी पुइगसेर्दा आणि पश्चिमेकडचा सगळा सपाट भाग स्पेनमध्ये राहिला.

मग गावांची यादी करण्यासाठी आयुक्त लिव्हियातच जमले, आणि 12 नोव्हेंबर 1660 रोजी सेरोनी व साल्बा यांनी तिथे करारावर सह्या केल्या. लिव्हिया हे रोमन काळापासूनचे ठिकाण. ‘युलिया लिबिका’ या नावाने ते ओळखले जाई, आणि पुइगसेर्दा वसण्यापूर्वी तेच खोऱ्याचे मुख्य गाव होते. त्याच्या टेकडीवरचा किल्ला 1479 मध्ये फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या सैन्याने पाडलेला होता, पण राजाने दिलेला नगराचा दर्जा कायम होता. स्पेनच्या प्रतिनिधींनी त्यावर बोट ठेवले: करार गावांचा आहे, नगराचा नाही. फ्रान्सने ते मान्य केले, मात्र लिव्हियाला पुन्हा कधीही तटबंदी करायची नाही या अटीवर. शिवाय पुइगसेर्दाहून लिव्हियाला फ्रान्सच्या भूमीतून जाणारा रस्ता स्पेनच्या प्रजेला मोकळा राहील, त्यावर जकात लागणार नाही, असेही ठरले. आज लिव्हियाचे क्षेत्रफळ सुमारे 12.8 चौरस किलोमीटर आहे, लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास आहे, आणि मूळ स्पेनपासून ते फ्रान्सच्या दोनेक किलोमीटर रुंदीच्या पट्ट्याने तुटलेले आहे.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. 1660 मध्ये जमिनीवर कुठलीही रेषा ओढली गेली नाही. गावांची नावे लिहिली गेली आणि प्रत्येक गावाची शीव जिथवर जाते तिथवर त्या राजाचा अंमल, असे गृहीत धरले गेले. पण गावांच्या शिवा मोजलेल्या नव्हत्या. चराईचे डोंगर अनेक गावांचे सामाईक होते, पुइगसेर्दाच्या सावकारांच्या आणि मठांच्या जमिनी फ्रान्सकडे गेलेल्या गावांत होत्या, आणि धार्मिक बाबतीत फ्रेंच सेर्दान्या राज्यक्रांतीपर्यंत स्पेनमधल्या उर्जेलच्या बिशपाच्या अखत्यारीत राहिला. अंमल बदलला तरी वहिवाट बदलली नाही. शेजारच्या गावाची गुरे आपल्या गायरानात आली की दोन गावांचे जे भांडण पूर्वीही होत असे, त्याला आता दोन राज्यांच्या तंट्याचे रूप येऊ लागले, आणि गावकरीही आपापल्या राजाचे नाव हुशारीने पुढे करू लागले. सीमाभागातील लोक राज्यसत्तेच्या हातातली प्यादी असतात असे सरसकट मानले जाते. सेर्दान्याचा इतिहास वाचला की ते मत बदलते.

राज्यसत्तेने मात्र आपली उपस्थिती दगडात उभी केली. 1678 मध्ये फ्रेंच सैन्याने पुइगसेर्दा जिंकले आणि त्याचा तट पाडून टाकला. त्याच वर्षीच्या तहाने ते नगर स्पेनला परत द्यावे लागले. तेव्हा खोऱ्याच्या तोंडावर आपला किल्ला हवा म्हणून चौदाव्या लुईचा दुर्गअभियंता वोबां याने 1679 पासून ला पेर्श खिंडीजवळ, सुमारे 1,600 मीटर उंचीवर, मों-लुई हे तटबंदीचे नगर उभारले. 2008 पासून ते वोबांच्या इतर किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. शासन आणखी दोन मार्गांनी आले. 1661 मध्ये मिठावरचा कर लादला गेला, ज्यापासून हा मुलूख आधी मुक्त होता, आणि त्याविरुद्ध वायेस्पीर व कोंफ्लांमध्ये ‘आंजेलेत्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंडखोरांनी बराच काळ लढा दिला. 1700 मध्ये सरकारी आणि कायदेशीर कागदपत्रे फ्रेंचमध्येच लिहिण्याची सक्ती झाली. घराघरातली कातालान भाषा त्यानंतरही पिढ्यानुपिढ्या टिकली.

प्रत्यक्ष सीमा आखली गेली ती बायोन येथे झालेल्या करारांनी, तहानंतर दोनशे वर्षांनी. 1856 चा करार पश्चिम भागाचा, 1862 चा मधल्या भागाचा आणि 26 मे 1866 चा आन्दोरापासून भूमध्य समुद्रापर्यंतचा. 1868 च्या अंतिम दस्तऐवजात दगडांची नोंद झाली. पिरेनीजभर 602 क्रमांकित सीमादगड आहेत, तर लिव्हियाभोवती 45 दगडांची स्वतंत्र मालिका आहे. माझ्या मते या प्रदेशाच्या अभ्यासात 1659 पेक्षा 1866 ला जास्त महत्त्व द्यायला हवे. 1866 च्या आयोगापुढे गावे, शेतकरी आणि पाटकरी आपापले जुने कागद घेऊन आले, आणि हद्दीबरोबरच पाणी, चराई व रस्ता यांचे हक्कही लिहिले गेले. कार्लितच्या उतारावरच्या कुरणांत लिव्हियाचे चराईचे हक्क आहेत, आणि तिथपर्यंत गुरे नेण्याची वाट फ्रान्सच्या भूमीतून आहे. असे हक्क रेषा आखताना मिटवले गेले नाहीत.

पाण्याचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. पुइगसेर्दा नगर टेकडीवर आहे आणि त्याला लागणारे पाणी मध्ययुगापासून कारोल नदीतून पाटाने येते. हा पाट नदीतून जिथे निघतो ती जागा फ्रान्समध्ये आहे, पाट मात्र स्पॅनिश नगराच्या मालकीचा आहे, आणि वाटेतली फ्रेंच गावेही त्याच नदीवर शेती भिजवतात. आंगुस्त्रीनच्या प्रवाहाचे पाणीही असेच फ्रेंच आंगुस्त्रीन आणि स्पॅनिश लिव्हिया पाळीपाळीने घेतात. आपल्याकडे खानदेशात फड पद्धतीच्या बंधाऱ्यांवर पाण्याची पाळी कशी ठरते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात अनोळखी काही वाटणार नाही. फरक एवढाच की इथे पाळी लावणाऱ्या नियमांवर दोन देशांच्या सह्या आहेत. 1866 च्या पूरक करारात म्हटले आहे की वाहते पाणी ज्या देशात असेल त्या देशाचा त्यावर अधिकार, पण खालच्या देशातील सिंचन, गिरण्या आणि घरगुती वापराचे प्रस्थापित हक्क राखले पाहिजेत, आणि प्रवाहात बदल होईल असे काम करायचे असेल तर दुसऱ्या बाजूच्या प्रांताच्या अधिकाऱ्यांना आधी कळवले पाहिजे.

या कलमांची कसोटी लागली ती लानू सरोवराच्या प्रकरणात. कार्लितजवळचे हे सरोवर पूर्णपणे फ्रान्समध्ये आहे, पण त्याचे पाणी कारोलमधून सुमारे 25 किलोमीटर वाहून पुइगसेर्दाजवळ स्पेनमध्ये जाते. फ्रान्सच्या वीज खात्याला सरोवराची साठवण 1 कोटी 70 लाख घनमीटरवरून 7 कोटी घनमीटर करून ते पाणी उलट बाजूला, आरिएजच्या दरीत सोडून वीज बनवायची होती. जेवढे पाणी घेऊ तेवढेच आरिएजमधून बोगद्याने कारोलमध्ये, पुइगसेर्दाच्या पाटाच्या वरच्या अंगाला, परत देऊ असे फ्रान्सचे म्हणणे होते. स्पेनने आक्षेप घेतला की आमच्या संमतीशिवाय एका खोऱ्याचे पाणी दुसऱ्या खोऱ्यात वळवता येणार नाही. परत मिळणारे पाणी माणसाच्या हाताने सोडले जाणार, म्हणजे आमचे शेतकरी फ्रान्सच्या मर्जीवर अवलंबून राहणार. 16 नोव्हेंबर 1957 रोजी लवादाने फ्रान्सच्या बाजूने निर्णय दिला. पाण्याचे प्रमाण घटत नाही आणि हक्कांना बाध येत नाही, तर वरच्या देशाला खालच्या देशाची पूर्वसंमती लागत नाही; मात्र त्याने आधी कळवले पाहिजे आणि खालच्या देशाचे हितसंबंध प्रामाणिकपणे विचारात घेतले पाहिजेत, असे त्याचे सार आहे. आज नद्यांच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात हा निर्णय जगभर आधाराला घेतला जातो, आणि त्याच्या मुळाशी एका डोंगरी नगराचा मध्ययुगीन पाट आहे. मला स्वतःला या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

रस्त्याची गोष्ट याच धर्तीची आहे. पुइगसेर्दा ते लिव्हिया हा तटस्थ रस्ता मोटारींच्या काळात फ्रान्सच्या मुख्य मार्गांना छेदू लागला. 1970 च्या दशकात फ्रेंच बाजूने त्या चौकांवर थांबण्याच्या पाट्या लावल्या, तेव्हा मोकळ्या रस्त्याच्या हक्कावर गदा आली म्हणून लिव्हियाकरांनी त्या पाट्या रातोरात उपटून टाकल्या, पुन्हा लावल्या तर पुन्हा उपटल्या. शेवटी उड्डाणपूल बांधून हा तंटा मिटवला गेला. बाहेरच्या माणसाला पाटीवरून एवढे भांडण विचित्र वाटेल, पण ज्या गावाचे जगाशी येणेजाणे एकाच वहिवाटीच्या वाटेवर चालते त्याला ती वाट अडवू देणे परवडत नाही.

विसाव्या शतकाविषयी थोडक्यात. 1910 मध्ये मों-लुईपर्यंत आणि 1911 मध्ये बूर्ग-मादामपर्यंत मीटर गेजची विजेवर चालणारी ‘पिवळी गाडी’ पोहोचली, आणि 1927 मध्ये ती लातूर-द-कारोलला नेण्यात आली. तिच्यासाठी लागणारी वीज मिळावी म्हणून तेतच्या उगमाकडे बुइयूझचे धरण बांधले गेले. लातूर-द-कारोल स्थानकात तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ एकत्र येतात: पिवळ्या गाडीचे मीटर गेज, फ्रान्सचे प्रमाणित गेज आणि स्पेनचे रुंद गेज. 1939 च्या हिवाळ्यात, स्पेनच्या यादवी युद्धात कातालोनिया जनरल फ्रँकोच्या सैन्याच्या हाती गेल्यावर, जवळपास पाच लाख लोक सीमा ओलांडून फ्रान्समध्ये आले; बूर्ग-मादाम हे त्यांच्या वाटांपैकी एक होते. खोऱ्यातल्या भरपूर उन्हामुळे ओदेयो येथे फेलिक्स त्रोंब या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने मोठी सौरभट्टी उभी राहिली, जिथे डोंगरउतारावरचे 63 सपाट आरसे ऊन एका प्रचंड अंतर्वक्र आरशावर फेकतात. शेजारच्या फों-रोमोमध्ये 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी उंचीवरचा सराव करण्याची सोय केली गेली. शेतीवर जगणाऱ्या घरांची संख्या या काळात घटत गेली आणि हिवाळी पर्यटन व बाहेरच्यांनी सुट्टीपुरत्या बांधलेल्या दुसऱ्या घरांची बांधकामे वाढली.

1995 मध्ये युरोपीय देशांमधली सीमेवरची तपासणी उठवणारा शेंगेन करार लागू झाल्यावर चौक्या ओस पडल्या, तरी सीमा संपली असे समजू नये. 2014 मध्ये पुइगसेर्दा येथे दोन्ही बाजूंसाठी मिळून एक रुग्णालय सुरू झाले. फ्रेंच सेर्दान्यातल्या गरोदर बाईला पूर्वी घाट उतरून पेर्पिन्यांच्या बाजूला जावे लागे, तिला आता काही मिनिटांत प्रसूतीची सोय मिळते. मात्र तिचे मूल परदेशात जन्मलेले ठरते, त्यामुळे त्याची नोंद कुठे आणि कशी करायची हा प्रश्न उभा राहतो. रुग्ण दगावला तर त्याला सीमेपलीकडच्या आपल्या गावी नेण्यासाठीही वेगळी कागदपत्रे लागतात. एकच खोरे, एकच जुनी भाषा, कित्येकदा एकच आडनाव असलेली कुटुंबे, आणि तरीही नोंदवही दोन देशांची, ही अडचण 1660 मध्ये गावे वाटली गेली तेव्हापासून रूप बदलत चालत आली आहे.

प्रत्यक्ष जायचे असेल तर पेर्पिन्यांहून व्हीलफ्रांश-द-कोंफ्लां गाठावे आणि तिथून पिवळ्या गाडीने वर चढावे, म्हणजे तेतची अरुंद दरी, मों-लुई आणि मग एकदम उघडणारे खोरे या क्रमाने प्रदेश समजत जातो. बूर्ग-मादामला उतरून पुइगसेर्दाच्या टेकडीवरून आधी पूर्ण खोरे पाहावे, मग तटस्थ रस्त्याने लिव्हियाला जावे. अंतर सुमारे सहा किलोमीटर आहे. सोबत सीमेचा नकाशा असावाच, पण त्याआधी नद्या आणि पाट दाखवणारा मोठ्या प्रमाणाचा नकाशा उघडावा, आणि कारोलमधून निघणारा पुइगसेर्दाचा पाट त्यावर बोटाने शोधून काढावा.